पूल नसलेल्या मुलखातला पूल

शिरूर तालुक्यातलं केंदूर वारकऱ्यांना माहीत आहे ते संत कान्होराज पाठकांच्या समाधीमुळे आणि इतिहासाच्या अभ्यासकांना एका ताम्रपटामुळे. बदामीचा चालुक्य राजा दुसरा कीर्तिवर्मा याचा हा ताम्रपट शके ६७२ चा, म्हणजे इ.स. ७५० चा. शेजारच्या पाबळला मस्तानीची कबर आहे. वेळ नदीच्या काठाकाठाने खाली उतरत गेलं की भीमेचं खोरं लागतं आणि तिच्या काठी कोरेगाव. पावलापावलावर काहीतरी जुनं भेटावं असा हा मुलूख. पण मध्ययुगातला कमानीचा दगडी पूल बघायला म्हणून कुणी निघाला, तर या पट्ट्यातून त्याला रिकाम्या हाताने परतावं लागतं. वाडे आहेत, वेशी आहेत, घाट आहेत, बारवा आहेत. पूल नाहीत.

यात केंदूरचं काही वेगळेपण नाही. सगळ्या देशावर हीच गत आहे. ज्या लोकांनी सह्याद्रीच्या सुळक्यांवर तटबंदी चढवली, समुद्रात किल्ले उभे केले, त्यांनी नद्यांवर पूल बांधायचं बहुतेक ठिकाणी मनावरच घेतलं नाही. कसब नव्हतं असं म्हणावं, तर कात्रजहून पुण्यात पाणी आणणारा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाला. नळदुर्गला बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीतला, १६१३ च्या सुमाराचा. मग पूलच का नाहीत?

उत्तर नदीतच आहे. शिरूर भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण भीमा आपलं पाणी आणते भीमाशंकरच्या डोंगरातून. त्यामुळे इथे नभ कोरडं असतानाही नदी दोन्ही थड्या भरून वाहू शकते. धरणं होण्याआधी वर्षातले चारेक महिने ती अशी अडून बसायची आणि उरलेले आठ महिने गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पार व्हायची. कुठे उतार आहे, कुठे वाळू फसवी आहे, हे काठावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक असे. पावसाळ्यात नावाडी होता. नाव नसेल तिथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड होती, गुऱ्हाळाची काहीलही होती. आणि यातलं काहीच नसेल तर पूर ओसरेपर्यंत देवळात मुक्काम. आठ महिने ज्याची गरज नाही आणि चार महिने ज्याच्या पायाची खात्री नाही, अशा बांधकामावर खजिना कोण रिता करणार?

सगळं राजकारणसुद्धा याच पंचांगावर चालायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघायचं याला धर्म होता, तसंच नद्यांचं उतरलेलं पाणीही होतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कॅप्टन स्टाँटन सुमारे ८०० जणांची तुकडी घेऊन शिरूरच्या छावणीतून निघाला. तुकडीत महार सैनिकांचा मोठा भरणा होता. रात्रभर चालून ती सकाळी भीमेकाठी पोचली, तर पलीकडे पेशव्यांची फौज उभी. तुकडीने कोरेगावात आसरा घेतला आणि पेशव्यांचं पायदळ पात्रातूनच नदी ओलांडून गावावर चालून आलं. हीच तारीख ऑगस्टातली असती, तर दोन्ही सैन्यांना काठांवरून एकमेकांकडे बघत बसावं लागलं असतं.

तसं बसावं लागल्याचं उदाहरण उत्तरेत आहे, आणि ते फार महागात पडलेलं आहे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंची फौज आणि अहमदशहा अब्दाली यांच्यामध्ये यमुना होती. पूर भाऊंच्या पथ्यावर होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली. तीन महिन्यांनी पानिपत झालं. त्यानंतर १७६१ मध्ये पुण्यात मुठेवर लाकडी पूल उभा राहिला; तो पुढे इंग्रजी अमलात दगडी झाला, नाव मात्र आजही लाकडीच आहे.

नदीला गृहीत धरणाऱ्यांत औरंगजेबही होता. १७०० साली पावसाळा सरता सरता त्याचा तळ भीमेला मिळणाऱ्या माण नदीच्या पात्रालगत, खवासपूरला पडला होता. एका रात्री लोंढा आला आणि छावणीत हलकल्लोळ झाला. त्या धावपळीत बादशहाचा गुडघा दुखावला आणि तो कायमचा लंगडू लागला. सगळ्या दख्खनेवर हुकूम चालवणाऱ्या माणसाला एका दुष्काळी नदीने पायाने अधू केलं.

या पार्श्वभूमीवर सातारा जिल्ह्यातल्या पार गावचा पूल पाहायचा.

महाबळेश्वरचं पठार आणि प्रतापगड यांच्या मधल्या दरीतून कोयना वाहते. उगम वर डोक्यावर, त्यामुळे इथे ती अजून लहान आहे. काठावर पार हे गाव आहे, तिथे रामवरदायिनीचं जुनं देऊळ आहे आणि नदीवर काळ्या पाषाणातला कमानींचा पूल आहे. परंपरेने तो शिवकालीन मानला जातो. आसपास महामार्ग नाही, बाजारपेठ नाही. भातखाचरं, झाडी आणि वर गड. असल्या आडजागी, देशावरच्या मोठमोठ्या नद्यांना न लाभलेलं बांधकाम उभं राहावं, याला तसंच कारण असलं पाहिजे.

कारण मुलखाच्या नकाशात आहे. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकरवी भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधायला घेतला. पारघाटाची देशावरून कोकणात उतरणारी वाट या गडाच्या नजरेखाली आली. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने खाली आला आणि त्याने तळ दिला तो याच पार गावाजवळ, कोयनेकाठी. तेव्हा नोव्हेंबर होता, नदी उतरलेली होती. पण किल्ला नोव्हेंबरात जेवतो तसाच जुलैतही जेवतो. शिबंदीला दाणागोटा लागतो, जासुदाला वाट लागते. इथला जुलै म्हणजे काय, हे आकड्यांत सांगायचं तर वरच्या महाबळेश्वरात वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शिरूरच्या दहापट. अशा ठिकाणी आठ महिन्यांचा उतार पुरत नाही. गड बारमाही ठेवायचा तर वाटही बारमाही हवी.

दुसरं कारण पायाखालचं. भीमेच्या काठी गाळ आणि वाळू यांचे थर. तिथे पाया घ्यायचा म्हणजे खाली किती उतरायचं याचा नेम नाही. कोयना इथे कातळातून आणि धोंड्यांतून वाहते. उन्हाळ्यात पात्र आटलं की कातळ उघडा पडतो आणि त्यातच खांबाची पहिली रांग बसवता येते. पूल कोसळतात ते बहुधा वरून नाही, खालून. खांबाला अडलेलं पाणी भोवरा करतं, भोवरा बुडाशी खड्डा पाडतो, आणि वरचं चिरेबंदी काम शाबूत असतानाच खांब एक दिवस कलतो. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवरचा आव्हिन्योंचा पूल बाराव्या शतकातला, बावीस कमानींचा. पुरांनी तो पुन्हा पुन्हा फोडला, गावाने पुन्हा पुन्हा सांधला. शेवटी सतराव्या शतकात लोकांनी नाद सोडला. आज त्याच्या चार कमानी उरल्या आहेत आणि पूल नदीच्या मध्येच संपतो. पारच्या खांबांची वरच्या अंगाची बाजू त्रिकोणी काढली आहे, ती हा भोवरा होऊ नये म्हणून. लोंढा टोकावर फाटतो, वाहून आलेली खोडं खांबाला आडवी न अडकता बाजूने निसटतात.

कमान ही या मुलखात तशी उशिरा रुजलेली गोष्ट. यादवकाळातल्या देवळांत खांबांवर तुळया आणि तुळयांवर शिळा आहेत, किंवा एकेक थर थोडा पुढे काढत वर मिटवलेलं छत आहे. पाचरीच्या आकाराच्या दगडांची खरी कमान चौदाव्या शतकापासून सुलतानी बांधकामांबरोबर दख्खनेत पसरली आणि तीनशे वर्षांत इथल्या पाथरवटांच्या हातात मुरली. शिळेच्या तुळईची अडचण अशी की दगड दाबाला वाघ असतो, ताणाला मात्र भित्रा. तुळई मध्ये वाकू पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथे ती तडकते. म्हणून नुसत्या शिळा टाकून दोन खांबांत फार अंतर ठेवता येत नाही. कमानीत ताणाला जागाच ठेवलेली नाही. दोन दारुडे एकमेकांवर रेलून उभे असावेत तसे तिचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर पडत असतात, म्हणून दोघंही पडत नाहीत. वरून जितका भार, तितके दगड एकमेकांत घट्ट. फक्त दोन्ही टोकांचा बाहेर जाणारा रेटा कुणीतरी झेलायला हवा. पारला तो थडीचा डोंगर झेलतो.

बांधताना मात्र कमान शेवटचा दगड बसेपर्यंत असहाय असते. आधी लाकडाचा अर्धगोल सांगाडा, आजच्या भाषेत सेंट्रिंग, उभा करायचा. दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे. माथ्यावर चावीचा दगड ठोकायचा. चुना धरला की सांगाडा काढायचा. हे सगळं पाण्याबाहेर. म्हणजे दिवाळीनंतर पात्र उघडं पडल्यावर काम सुरू आणि मृगाच्या आत कमान मिटलेली हवी. मधेच वळवाचा दणका आला आणि लोंढ्याने सांगाडा नेला, तर त्या कमानीचं वर्ष गेलं.

आता चुन्याविषयी, कारण अर्धा पूल तोच आहे. सह्याद्रीचा दगड ज्वालामुखीचा. त्यात चुन्याचे डोंगर नाहीत. पण देशावरच्या काळ्या मातीत आणि नदीकाठच्या थरांत चुनखडीचे पांढरट खडे सापडतात. ते वेचून भट्टीत भाजायचे, त्यांतला कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो उकळ्या फुटून विरतो. मग वाळू किंवा विटांचा चुरा घालून तो घाणीत मळायचा: जमिनीत गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक, चाकाला बैल. मळताना गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असं काय काय पडायचं, आणि दर कारागिराला आपलंच प्रमाण खरं वाटायचं. आसामात नामडांग नदीवर आहोम राजा रुद्रसिंहाने १७०३ मध्ये बांधलेल्या दगडी पुलाच्या चुन्यात तांदूळ, अंडी आणि उडीद होते असं तिकडे सांगतात. हवेतला कर्बवायू परत शोषून चुना हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला वर्षं लागतात, आणि त्याच मंदपणात त्याचा गुण आहे. तो दीर्घकाळ किंचित नरम राहतो. जमीन हलली तर सांधा थोडा सरकतो, बारीक चीर पडली तर झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना तिथे येऊन ती बुजतेही.

जमीन हललेली आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच नदीच्या खोऱ्यातला. पाऊसही झालेला आहे. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, म्हणजे शिरूरला अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त एका दिवसात. पारचा पूल त्यानंतरही उभा आहे.

याच महाबळेश्वरात उगम पावून पश्चिमेला जाणाऱ्या सावित्रीवरचा महाडजवळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला. तोही दगडी कमानींचाच, १९२८ चा. पुरात त्याचा भाग कोसळला आणि काळोखात दोन एसटी बस आणि इतर वाहनं पाण्यात गेली. तेव्हा ब्रिटिशांचं बांधकाम किती भक्कम आणि शिवकालीन त्याहून किती, अशा गप्पा रंगवण्यात अर्थ नसतो. पडलेले पूल मोजायला कुणी उरत नाही. आपण उरलेलेच पाहतो आणि त्यावरून सगळ्या जुन्या बांधकामाची कीर्ती गातो. खरी वाटणी जुनं-नवं अशी नाहीच. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, तो काही शतकांचा नव्हता. पाया कशावर आहे, भार किती आहे आणि दर पावसाळ्यानंतर खाली उतरून कुणी पाहतं का, एवढंच विचारायचं असतं.

आणि इथेच संरक्षणाचा प्रश्न येतो. जुन्या वास्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा आहे. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रणाखाली. देऊळ, कबर, लेणं यांना हे नियम बसतात. पुलाचं तसं नसतं. पूल हे एकमेव स्मारक असं की ज्यावरून ट्रक जातो. त्यावरची रहदारी बंद केली की तो दुर्लक्षात जातो, पिंपळ उगवतात, कठडे ढासळतात. चालू ठेवली की बैलगाडीसाठी बांधलेल्या कमानीवरून वाळूचे डंपर धडधडतात.

दिल्लीचा बारापुला पाहावा. जहांगिराच्या दरबारातल्या मिहरबानू आगाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. तो केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, तरी वर्षानुवर्षं त्याच्यावर भाजीबाजार भरायचा. त्याचं नाव घेतलेला उड्डाणपूल दिल्लीत सगळ्यांना ठाऊक, मूळ पूल फार थोड्यांना. हैदराबादेत मुसीवरचा १५७८ चा पुराना पूल १९०८ च्या महापुराचा तडाखा खाऊनही टिकला. जौनपूरला गोमतीवरचा अकबराच्या काळातला पूल १९३४ च्या भूकंपात जबर जखमी झाला, दुरुस्त झाला आणि पुन्हा कामाला लागला. गोव्यात पणजी ते रायबंदर हा लिन्यारिश व्हाइसरॉयच्या काळातला, १६३४ मध्ये पुरा झालेला सव्वातीन किलोमीटरचा बांधपूल आजही रोजच्या वाहतुकीचा आहे. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीवर मकाई दरवाजा, पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा यांना जोडून दगडी कमानींचे पूल आहेत. शहर वाढलं तशी सगळी वर्दळ त्या अरुंद दारांतून जाऊ लागली, आणि अलीकडे शेजारी समांतर पूल बांधल्यावर त्यांच्या पाठीवरचा भार हलका झाला. जुन्या पुलाला संरक्षण द्यायचं तर फलकाआधी शेजारी दुसरी वाट द्यावी लागते, हे त्या तीन पुलांनी दाखवलं. शहरात त्यासाठी पैसा उभा राहतो. खेड्यात पूल एकच असतो आणि शाळा, दवाखाना, दुधाची गाडी सगळं त्याच्यावरूनच जातं.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत प्रतापगड आहे. आता गडावरची गर्दी वाढणार, त्यातली काही खाली पारपर्यंत उतरणार. पुलावर उभं राहून सेल्फी निघतील. पण पुलाला बघायचं असेल तर पावसाळा संपल्यावर पात्रात उतरून खालून बघावं. सांध्यांतून पांढरे ओघळ आले आहेत का, म्हणजे आतला चुना धुपतो आहे. खांबाच्या बुडाशी नवा खड्डा आहे का. कमानीच्या खांद्यावर हाताच्या बोटाएवढं पिंपळाचं रोप आहे का. ते वरून छाटून उपयोग नसतो. छाटलं की मूळ आत जाडावतं आणि दोन दगडांना फाकवतं. मुळापर्यंत जाऊन ते मारावं लागतं आणि पोकळीत चुना भरावा लागतो.

चुनाच, सिमेंट नव्हे. सिमेंट लवकर घट्ट होतं, ठेकेदाराला सोयीचं जातं आणि बिल वेळेत निघतं. पण ते पाणी आत कोंडतं आणि नरम चुन्याशेजारी ताठ उभं राहतं. काही पावसाळ्यांनी सिमेंटची खपली निघते आणि निघताना दगडाची कडही घेऊन जाते. गडसंवर्धनाच्या कामांमुळे चुन्याची घाणी काही ठिकाणी पुन्हा फिरू लागली आहे, ती चालवणारे हातही तयार होत आहेत. अडचण वेळेची आहे. चुन्याला धरायला महिने लागतात, म्हणजे काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं. अंदाजपत्रक, निविदा आणि कार्यादेश यांत मार्च उजाडला, तर नदीवरच्या दुरुस्तीला उरतात फार तर अडीच महिने.